तयारी नेमकी कशाची?



आठवीची पुस्तके हातात पडण्याआधीच आपल्या कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत एक निर्णय होऊन गेलेला असतो. मुलगी हुशार आहे, विज्ञानात गुण चांगले आहेत, म्हणजे डॉक्टर. मग 'फाउंडेशन'चा क्लास, दहावीनंतर 'इंटिग्रेटेड' कॉलेज किंवा थेट लातूर नाहीतर कोटा, आणि या सगळ्याच्या शेवटी तीन तासांची एक परीक्षा. या वाटेला नावे ठेवण्यासाठी आम्ही लिहीत नाही. डॉक्टर आपल्याला हवेच आहेत, आणि ते आपल्या धर्मग्रामातून घडले तर आम्हांला आनंदच आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्सच्या अर्जासाठी कोणी स्नानसंस्काराचा दाखला मागायला आले, तर तो दाखला आम्ही इतर दाखल्यांपेक्षा जरा अधिक सुवाच्य अक्षरात लिहितो.

आमच्या मनातला प्रश्न वेगळा आहे. ही चार-पाच वर्षांची तयारी आपण मुलांकडून करून घेतो, ती नेमकी कशाची? डॉक्टर होण्याची, की डॉक्टरकीला प्रवेश मिळवण्याची? कोणी म्हणेल, दोन्ही एकच. प्रवेशाशिवाय डॉक्टर कसे होणार? हे खरे आहे. पण दाराशिवाय घरात जाता येत नाही म्हणून दार म्हणजेच घर असे आपण म्हणत नाही.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या पहिल्या भागात सॉक्रेटिस थ्रॅसिमाकस नावाच्या तापट माणसाला असाच एक साधा प्रश्न विचारतो. काटेकोर अर्थाने वैद्य कोण? पैसे मिळवणारा, की आजाऱ्यांना बरे करणारा? थ्रॅसिमाकसला कबूल करावे लागते की आजाऱ्यांना बरे करणारा. वैद्य पैसेही मिळवतो, पण ती निराळी कला. त्या कलेमुळे तो वैद्य ठरत नाही. सेमिनरीत हा भाग शिकताना तो आम्हांला फार सोपा वाटला होता. आज त्याच्यात एक तिसरी कला मिळवावी लागेल, ती म्हणजे प्रवेश मिळवण्याची कला. तीही खरी कला आहे, तिच्यासाठी कष्ट आणि बुद्धी दोन्ही लागतात. पण ती बरे करण्याची कला नव्हे, आणि पहिली आली म्हणजे दुसरी आपोआप येते असेही नाही.

आता थोडा हिशेब करू. 'नीट'मध्ये ७२० गुणांसाठी १८० प्रश्न सोडवायचे असतात, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक गुण जातो. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या खाजगी महाविद्यालयांत, जिथली फी ऐकूनच पुष्कळ घरांत तो विषय संपतो. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एकाला जागा. काही मुले दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा वाटा धरतात. काही पुन्हा एक वर्ष, दोन वर्षे बसतात. बाकीची लाखो मुले घरी परत येतात. आपल्या ख्रिस्तमंदिरात रविवारी बाकावर बसलेल्या मुलांमध्ये त्या एकापेक्षा ही वीस अधिक असणार, हे गणित कोणालाही टाळता येणार नाही.

त्या वीस जणांच्या चार वर्षांचे काय उरते? आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपल्या सीपीआर रुग्णालयापर्यंत जाऊ.

सीपीआरचे जुने नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने तिथल्या स्त्रियांच्या विभागासाठी डॉक्टर म्हणून एका एकवीस वर्षांच्या मुलीची नेमणूक केली. त्या वेळी ती अमेरिकेत होती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती पदवी घेऊन बाहेर पडली होती. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मुलगा झाला, आणि दहा दिवसांत तो गेला; वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. चौदावे वर्ष म्हणजे आजची नववी. आपल्या मुली ज्या वयात फाउंडेशनच्या क्लासला जातात, त्या वयात तिने आपले मूल पुरले आणि वैद्यक शिकायचे ठरवले. पुढे प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात तिने गुणांपेक्षा गरजेबद्दल अधिक लिहिले: आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिक्षण हवे आहे. १८८३ साली अठरा वर्षांची असताना ती बोटीने निघाली.

१८८६ च्या अखेरीस ती परतली ती क्षयाने पोखरलेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या त्या विभागात डॉक्टर म्हणून तिने पाऊलही टाकले नाही.

निकालाच्या भाषेत बोलायचे तर तिची सगळी तयारी वाया गेली. पण असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही. का बरे? ती पहिली होती, तिचे नाव झाले म्हणून? आम्हांला ते पुरेसे वाटत नाही; तिचे नाव कोणालाच ठाऊक नसते तरी त्या आयुष्याकडे पाहून 'फुकट गेले' असे कोणी म्हणाले नसते. आमच्या समजुतीप्रमाणे कारण असे आहे की ज्या गोष्टीसाठी ती तयारी करत होती, ती गोष्ट तिच्या तयारीतच होती. स्वतःच्या दुःखातून दुसऱ्याच्या दुःखाकडे बघण्याची दृष्टी तिला आधीच आली होती. पदवी मिळाली असती, न मिळाली असती, ती दृष्टी कोणी काढून घेणार नव्हते. त्यानंतर काही वर्षांनी त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परदेशात शिकून, आणि त्यांनी इथल्या स्त्रियांची सेवा केली. जागा रिकामी राहिली नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. समजा, घरात आजोबा आहेत. मधुमेह आहे, पायाला जखम आहे, ती बरी होत नाही. नात दहावीत किंवा अकरावीत आहे. स्वादुपिंड, इन्सुलिन, रक्तातली साखर हे सारे तिच्या पुस्तकात आहे, आणि तिला ते पानासकट पाठ आहे. आजोबांच्या खोलीत ती शेवटची कधी गेली? जखम धुवायची वेळ झाली की आई म्हणते, "तू अभ्यास कर, आजोबांचं मी बघते." आईचे चुकते असे आम्ही कसे म्हणावे? ती प्रेमानेच बोलते. पण काय घडते आहे ते बघा. घरातल्या सगळ्यांमध्ये आजाऱ्याच्या सेवेतून सूट मिळते ती एकट्या भावी डॉक्टरला! ज्याला आयुष्यभर जखमा बघायच्या आहेत, त्याच्यापासून घरातली एकमेव जखम आपण चार वर्षे लपवून ठेवतो.

हेच आम्हांला इतर ठिकाणीही दिसते. कोणाच्या घरी मृत्यू झाला की सारे कुटुंब सांत्वनाला येते, बारावीचे मूल येत नाही. त्याची टेस्ट असते. शेजारच्या मावशींना सीपीआरला न्यायचे असते, केसपेपर काढायला रांगेत उभे राहायचे असते, तिथे धाकट्या भावाला पाठवतात. रविवारची सकाळची टेस्ट आणि मिस्सा यांची वेळ एकच असते हे आम्ही नुसते नमूद करून ठेवतो, त्यावर आज काही बोलत नाही.

सांगायचे ते हे की पुस्तकातला अभ्यास आणि आजोबांचा पाय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जी मुलगी इन्सुलिनचे पान वाचून उठते आणि आजोबांची साखर मोजायला मदत करते, तिचा तो धडा पक्का होतो, आणि आजोबांना पंधरा मिनिटे कोणाचे तरी तोंड दिसते. पुढे तिला जागा मिळाली तर ती रुग्णाला न घाबरता हात लावेल. नाही मिळाली तर ती शिक्षिका होईल, बँकेत लागेल, दुकान सांभाळेल. पण आजारी माणसाजवळ कसे बसायचे हे तिला आलेले असेल. फक्त पर्यायाचा गोल काळा करण्याची जी तयारी, तिच्यातले निकालाच्या दिवशी काय उरते? जागा मिळाली तर ती विसरून जायची असते, आणि नाही मिळाली तर विसरता येत नाही.

दुसरा मुद्दा थोडा अवघड आहे. चौदा वर्षांच्या मुलाने घेतलेला निर्णय त्याचा स्वतःचा असतो का? याचे सरसकट 'नाही' असे उत्तर देणे सोपे आहे, पण आनंदीबाईंचेच उदाहरण त्या उत्तराच्या आड येते. तिच्या शिक्षणामागे नवऱ्याचा, गोपाळरावांचा हट्ट होता, आणि तो हट्ट प्रसंगी क्रूर होता असे तिचे चरित्र सांगते. आजच्या भाषेत तिच्यावर दडपण होते. मग तिचा निर्णय तिचा कसा म्हणायचा?

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, आणि धर्मगुरूने ती सांगावी याचे कोणाला नवल वाटेल. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. तो पत्रव्यवहार ते आपल्या कोल्हापुरात नोकरीला असताना सुरू झाला. आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू, असा उत्तराचा सूर होता. ती पत्रे तिकडच्या एका मासिकात छापली गेली, न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आली, आणि त्यांनी कोणतीही अट न घालता मदतीचा हात पुढे केला. जाण्यापूर्वी आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे भरसभेत सांगितले की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तसेच झाले. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हे श्रद्धेलाही शोभत नाही, हे आता सर्वमान्य आहे. पण आमचा मुद्दा त्या मुलीबद्दल आहे. सगळ्या बाजूंनी ढकलली जात असताना तिला एका ठिकाणी 'नाही' म्हणता आले. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याचेच 'हो' खरे धरता येते. सुरुवात दुसऱ्याच्या हट्टाने झाली असली तरी निर्धार तिचा झाला होता.

तीच कसोटी आपल्या घरात लावून बघावी. आपल्या मुलाला 'नाही' म्हणता येते का? अकरावीच्या दिवाळीत ते म्हणाले, "मला हे नको, मला इतिहास शिकायचाय," तर घरात काय होईल? फी भरून झालेली असते, नातेवाइकांना सांगून झालेले असते, खोलीच्या भिंतीवर पांढऱ्या कोटातले चित्र चिकटवून झालेले असते. अशा घरात "मला डॉक्टर व्हायचंय" या वाक्याचे वजन किती धरायचे?

ॲरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या खलाशांचे उदाहरण दिले आहे, संत थॉमस अक्विनास यांनीही ते घेतले आहे. जहाज बुडू नये म्हणून खलाशी माल समुद्रात फेकतात. ते स्वखुशीने फेकतात का? एका अर्थी होय, हात त्यांचेच आहेत. पण वादळ नसते तर एकाने तरी माल फेकला असता का? आपल्या पेठांतल्या मुलांकडे बघा. नववीत फुटबॉलचे बूट माळ्यावर जातात. मग तबल्याचा क्लास बंद, मग गायकवृंद, मग गावाकडची मे महिन्याची सुटी. "त्यानं स्वतःच सोडलं, आम्ही काही बोललो नाही," असे आईवडील सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. फक्त वादळाचा उल्लेख राहून जातो.

ख्रिस्तसभा या बाबतीत बरीच सावध आहे. पूर्वी तेरा-चौदा वर्षांची मुले लहान सेमिनरीत येत असत, आणि त्यातली बरीचशी पुढे आनंदाने संसाराला लागली. त्यांना कोणी नापास म्हणत नसे. आज सभेच्या कायद्याप्रमाणे सतरा वर्षांच्या आत नवदीक्षिताची उमेदवारी सुरू करता येत नाही, पहिली तात्पुरती व्रते अठरानंतर, कायमची व्रते एकविसानंतर, आणि याजकपद पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय नाही. प्रत्येक टप्प्यावर विचारले जाते: हे तू स्वतःच्या इच्छेने करतोस ना? आणि दार उघडे ठेवून विचारले जाते. देवाच्या कामासाठीसुद्धा जिथे इतकी वर्षे वाट पाहतात, तिथे वैद्यकासाठी चौदाव्या वर्षी कायमचे व्रत का घ्यायला लावायचे? केंद्र सरकारनेही जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासविषयी मार्गदर्शक सूचना काढताना सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले. सूचना कागदावर काय आणि रस्त्यावरच्या फलकांवर काय, हे आपण सारे जाणतो.

मग परीक्षाच बदलावी का? आमचे मत तसे नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले, प्रवेशपरीक्षेत पूर्वी गांधीविचारांवर एक स्वतंत्र पेपर असे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उमेदवारांना बोलावून घेऊन त्यांची वागणूक पारखत असे. 'नीट'च्या सक्तीविरुद्ध ते न्यायालयात गेले, आणि २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नीट' सर्वांनाच लागू असल्याचा निकाल दिला. या जुन्या पद्धतींबद्दल आम्हांला आदर आहे. पण पेपर म्हटला की पाठांतर आले, मग तो गांधीजींवर का असेना. आणि मुलाखत म्हटली की कुठेतरी शिफारशीची चिठ्ठी आली. गवंड्याची मुलगी आणि सर्जनचा मुलगा यांच्या उत्तरपत्रिका यंत्र सारख्याच डोळ्याने तपासते, ही लहान गोष्ट नाही. २०२४ च्या पेपरफुटीने त्या विश्वासाला तडा गेला, म्हणून तर लोक इतके चिडले. परीक्षेने परीक्षेचे काम करावे. माणसाच्या मनात काय आहे ते तिला कळत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नको. ते बघणे घराचे काम आहे, शाळेचे आहे, थोडे आमचेही आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांना ही उणीव जाणवलेली दिसते. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे, वाईट बातमी कशी सांगावी, नीती म्हणजे काय, यांचे पाठ समाविष्ट झाले. चांगले झाले. फक्त अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला तिथे पहिल्यांदाच सांगावे लागत असेल की समोर आजारी माणूस बसला आहे, तर आधीच्या चार वर्षांत तो आजारी माणूस कुठे होता?

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जातो. सध्या यादीत नऊ घरे आहेत. त्यांपैकी चार ठिकाणी जिना चढावा लागतो आणि एका घरी आजी प्रत्येक वेळी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. नववीपासून पुढच्या मुलामुलींपैकी ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी घरी विचारून आमच्याकडे नाव द्यावे. डॉक्टर व्हायचे असलेच पाहिजे अशी अट नाही. एका वेळी दोघांनाच नेऊ, कारण खोल्या लहान आहेत. सकाळी साडेसहाला निघतो आणि साडेआठपर्यंत परत येतो. ज्यांचा क्लास आठला असतो त्यांनी तसे आधी सांगावे, म्हणजे राजारामपुरीची घरे पहिल्यांदा घेऊन त्यांना वाटेत सोडता येईल.